चावी माझ्याकडे, लेथ हुफूफला

लेथच्या चकमध्ये चावी ठेवून हात सोडायचा नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. चक म्हणजे लेथचा जबडा. तो काम घट्ट धरतो आणि मोटर चालू झाली की कामासकट गरागरा फिरतो. हा जबडा आवळायची नि सैल करायची चावी इंग्रजी टी अक्षरासारखी असते, टोकाला चौकोनी. ती चकमध्ये विसरलात आणि कुणी बटण दाबलं, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते; समोर कोण उभं आहे ते बघत नाही. म्हणून चावी हातात तरी असावी, नाहीतर खिशात.

माझ्या लेथची चावी गावी स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला लटकत असे, छत्रीच्या शेजारी. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेने तिला गंज चढू नये म्हणून शुक्रवारी नमाजहून आलो की मी तिला तेलाचं बोट लावायचो. पाहुणे विचारायचे, हे काय? मी सांगायचो, सौदीतली माझी कमाई. ते हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. चावी दापोलीकडे आणि लेथ हुफूफला, मधे अख्खा समुद्र.

यंदा मुलीने आम्हा दोघांना अल-खोबरला बोलावलं. ती तिथल्या एका दवाखान्यात दातांची डॉक्टर आहे. लहानपणी वडिलांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, ज्या देशात राहिली, तिथेच आता स्वतःच्या इकाम्यावर राहते. आम्ही मात्र भेटीच्या व्हिसावर. दम्मामच्या विमानतळावर यंत्राने बॅगेतली चावी हेरली. तरुण अंमलदार ती हातात धरून उलटीसुलटी करत राहिला. मी म्हटलं, लेथची चावी आहे. तो म्हणाला, मग लेथ कुठे आहे? मी म्हटलं, तुमच्याकडे. म्हातारा डोक्याने सरकलाय असं समजून त्याने चावी बॅगेवर ठेवली.

खोबरच्या त्या फ्लॅटमध्ये माझा पाय ठरेना. खिडक्या बंद, एसीची एकसुरी घरघर, खाली किनाऱ्यालगत धावणारी माणसं. मी या खोलीतून त्या खोलीत जायचो, चावी खिशातून काढायचो, परत ठेवायचो. नातवंडं इंग्रजीत बोलायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. शेवटी जावई इरफान म्हणाला, "अब्बा, चला एकदा जाऊनच येऊ हुफूफला. नाहीतर तुम्ही आमची फरशी झिजवाल."

निघायच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला. हलीमा, माझी बायको, दाराशी उभी राहून बघत होती.

"लोखंडाला भेटायला इस्त्री कशाला लागते?" ती म्हणाली. "आणि माझी गोधडी तेवढी मागून आणा. आईने शिवलेली होती. तुम्ही ती त्या लेथवर पांघरून आलात."

तिच्या आईची गोधडी आणि माझी लेथ, आमच्या घरात या दोन तक्रारी एकाच वयाच्या आहेत.

*

ती लेथ मला खफजीला सापडली, समुद्राच्या काठी, भंगाराच्या वाड्यात. तिथली हवा मीठ चाटल्यासारखी असते. तुटके पाइप, व्हॉल्व्ह, बोटींचे नांगर, आणि त्या सगळ्याच्या आडोशाला ही: जुनी इंग्लिश लेथ, चामड्याच्या पट्ट्यावर चालणारी, पट्टा कुजून गेलेला. अंगावर वाळूमिश्रित ग्रीसचा इतका जाड थर, की वाळूनेच तिला घडवली असावी. कुण्या कंपनीच्या जुन्या वर्कशॉपमधून ती तिथे येऊन पडली होती. मी ग्रीसमध्ये अंगठा घातला आणि तिच्या बेडवरून, म्हणजे ज्या लांब पाठीवरून सगळं सरकतं तिच्यावरून, हळूच फिरवला. थराखाली लोखंड गुळगुळीत होतं. तिथेच माझं काळीज हललं, आणि तिथेच मी तोंड फिरवलं.

सौदा करणाऱ्याने हव्या त्या वस्तूकडे बघायचं नसतं. मी चिपळूणला बोटींचे शाफ्ट तासणाऱ्या वर्कशॉपमध्ये झाडू मारण्यापासून सुरुवात केलेला माणूस. मला हे कुणी शिकवलं नाही, भुकेने शिकवलं. ज्याने पहिल्यांदा तोंड उघडून हवं ते सांगितलं, तो हरला. मी त्या भंगारवाल्याशी तास दीड तास पाइपांवरून भांडलो. आवाज चढवला, गाडीपर्यंत जाऊन परत आलो. तो जपमाळ ओढत चहा पाजत राहिला. शेवटी वैतागून म्हणाला, पाइप नको तर काय नेणार रे बाबा? मी म्हटलं, मोकळी गाडी न्यायची लाज वाटते, तो कोपऱ्यातला ढिगारा तोलून दे. त्याने भंगाराच्या भावाने लेथ तोलून दिली आणि विचारलं, समुद्रात बुडवणार का? मी म्हटलं, बघू.

पावती कुणाच्या नावाने, असं त्याने विचारलं तेव्हा मी कफिलाचं, म्हणजे ज्याच्या हमीवर मी त्या देशात होतो त्याचं, नाव सांगितलं. अबू सालेह. हुफूफच्या औद्योगिक वसाहतीतलं आमचं मशीन शॉप त्याच्या नावाने होतं. पाटी त्याची, परवाना त्याचा, गाडी त्याची. मेहनत आणि डोकं माझं. आम्हा परदेशी माणसांचं तिथे तसंच चालायचं. ते नाव सांगताना मला क्षणभरही थांबावंसं वाटलं नाही. माझी छत्री घेतली असती तरी मी तेच नाव सांगितलं असतं.

*

हुफूफला जाताना वाळू, वाळू, उंट, पेट्रोल पंप, परत वाळू; आणि मग एकाएकी ताडाच्या उंचीची खजुराची झाडं, एवढी की डोळ्यांना ओल येते. इरफान गाडी चालवत कुणाशी तरी फोनवर बोलत होता. मी काच खाली केली. तोच वास. पाटाच्या पाण्याचा, शेणखताचा, आणि मधूनच तिथल्या हसावी जातीच्या लिंबाच्या फुलांचा. हा वास आला की माझ्या हातांना तेल लागल्यासारखं वाटतं.

आमचं घर अबू सालेहच्या जुन्या बागेतलं होतं. चार मातीच्या भिंती, मधे अंगण, अंगणात लिंबाचं झाड, आणि पलीकडे त्याच्या नव्या घराकडे उघडणारं लाकडी दार. अंगणाच्या कडेला मी पत्र्याची शेड घातली आणि तिच्यात लेथ बसवली. दिवसभर शॉपमध्ये दुसऱ्यांची कामं, आणि असरच्या, दुपार कलल्यावरच्या, नमाजनंतर ही, माझी.

हिवाळ्याच्या त्या सकाळी आठवतात, कामावर जायच्या आधीच्या. खजुरांमधून धुकं यायचं. मी रॉकेलच्या डब्यात एकेक भाग बुडवून ठेवायचो आणि जुन्या टूथब्रशने घासायचो. हलीमाला तो वास सहन व्हायचा नाही. ती तेवढ्यात चुलीवर लसूण फोडणीला टाकायची, मुद्दाम. रॉकेल आणि लसूण यांची त्या अंगणात रोज मारामारी चालायची. गाळाखालून पितळेची पट्टी निघाली, तिच्यावरची अक्षरं झिजून नुसती उमटल्यासारखी राहिली होती. मी ती बोटांनी वाचायचो.

मग बेड सपाट करायचं काम. निळा रंग बोटाने पातळ पसरायचा, त्यावर सपाट पट्टी फिरवायची. उंचवट्यावरचा रंग पट्टीला लागतो. तेवढाच उंचवटा हाताने खरवडायचा. परत निळा, परत पट्टी. कितीतरी आठवडे हेच. अंगावर निळे डाग, जेवताना बोटं निळी. नमाजला उभा राहिलो की शेजारचा माणूस माझ्या हातांकडे बघायचा. यात घाई केली तर केलेलं सगळं पाण्यात. माझ्यासारख्या तापट माणसाने आयुष्यात एकच काम न ओरडता केलं असेल, ते हे.

उन्हाळ्यात लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. ओलं गोणपाट टाकून ठेवायचो, त्यातून वाफ यायची. आणि वाळूचं वादळ सुटलं, आकाश वरणासारखं पिवळं झालं, की मी हातातलं सोडून धावायचो. लेथच्या सरकत्या भागांत वाळू गेली तर ती आतून खाते. अशाच एका दिवशी हाताला लागली ती गोधडी ओढून मी तिच्यावर टाकली. हलीमाने ती नुकतीच उन्हात घातली होती. नंतर ती परत घ्यायला आली, तेव्हा गोधडीवर ग्रीसचा काळा नकाशा उमटला होता. तिने बराच वेळ तो पाहिला आणि म्हणाली, "ठेवा. आता तिलाच लेक म्हणा."

आमच्या खऱ्या लेकीला लेथमधून निघणारा पितळेचा कीस आवडायचा. सोनेरी, वळ्यावळ्यांचा. ती तो लिंबाच्या झाडाला टांगायची. मी मराठीत ओरडायचो, हात कापेल. ती इंग्रजीत उत्तर द्यायची. वारा आला की झाड बारीक किणकिणायचं.

पट्ट्याचा जोड पुलीवरून जाताना टक्क असा आवाज व्हायचा. टक्क, आणि घरघर, परत टक्क. तो आवाज ऐकून पलीकडचं लाकडी दार उघडायचं आणि अबू सालेह यायचा, एका हातात कॉफीचं पितळी चोचवालं भांडं, दुसऱ्यात दोन फिंजान, ते बिनदांड्याचे छोटे कप. तो खजुराच्या उलट्या पेटीवर बसायचा, डोळे मिटायचा. त्याच्या लहानपणी विहिरीवर जनावरं पाणी ओढायची, लाकडी चाकं दिवसभर कुरकुरायची. त्या आवाजावर तो झोपायचा, म्हणे. पंप आले आणि आवाज गेला. "तुझं हे यंत्र तसंच बोलतं, मुअल्लिम," तो म्हणायचा. मुअल्लिम म्हणजे कारागीर, उस्ताद. तो मला नावाने हाक मारत नसे.

वेलचीची हिरवट कॉफी तो ओतायचा, मी प्यायचो. पुरे झालं की फिंजान बोटांत हलवून परत द्यायचा, तोवर तो ओततच राहणार. तेवढी रीत मला ठाऊक होती. त्या भांड्याच्या झाकणावरचं बोंड कधीतरी तुटून हरवलं होतं. झाकण उचलताना त्याची बोटं भाजायची. मी म्हटलं, नवं करून देतो. पितळेचा एक गोल तुकडा मी चकमध्ये धरला आणि तासायला घेतला.

*

मग ती रंगांची वर्षं आली. शॉपमध्ये आपली माणसं किती आणि सौदी किती, यावरून सरकारकडून दुकानाला रंग मिळायचा. लोक भेटले की तब्येत विचारावी तसं विचारायचे, तुमचा कुठला? हिरवा असला तर माणूस जरा मोठ्याने बोलायचा. आमचा लाल झाला. रंग लाल झाला की इकामा पुढे सरकत नाही.

त्या दिवसांतली हुफूफ आठवते ती फुटपाथवर ठेवलेल्या संसारांची. वॉशिंग मशिनं, पाळणे, उघडे पडलेले सोफे. दोरी बांधलेली खोकी. टेपचा चर्रर आवाज प्रत्येक जिन्यातून यायचा. मशिदीबाहेर माणसं एकमेकांचे गावचे पत्ते घ्यायची. हलीमाने अंगणातली लिंबं उतरवून खारात घातली आणि बरण्या शेजारणींना वाटून टाकल्या. मुलीच्या शाळेचा दाखला आला.

मी शॉपच्या किल्ल्या दिल्या. तो आठव मी फार उगाळत नाही. कायदा कायदा असतो, आणि कायद्याशी घासाघीस होत नाही. पण लेथ? ती शॉपची नव्हती. ती माझ्या अंगणातली. बोटीवर चढवायची तर पावतीवरच्या मालकाचं शिक्क्याचं पत्र हवं होतं, इतकंच. एक कागद. मी वाट बघत होतो की अबू सालेह आपणहून म्हणेल, मुअल्लिम, तुझी लेथ घेऊन जा. तो रोज असरला येत होता, कॉफी ओतत होता, आणि ते एक वाक्य सोडून सगळं बोलत होता. खजुरावर पडलेल्या किडीबद्दल बोलत होता.

मागायचं? माझीच वस्तू मी मागायची? मागितली की ती त्याची झाली.

निघायच्या आधी त्याने मला त्याच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, बोलावलं. भिंतीला लागून लोड, मधे गालिचा, त्याचे भाऊबंद बसलेले. त्याने स्वतः उठून माझ्या हातात फिंजान दिला. माझं डोकं फुटायला आलं होतं. आमच्याकडे ज्याच्याशी वैर मांडायचं त्याच्या घरचा चहा शिवायचा नाही. मी भरलेला फिंजान ओठाला न लावता समोर गालिच्यावर ठेवला.

भाऊबंदांनी फिंजानकडे पाहिलं. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. अबू सालेहने भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "सांग. काय हवंय?"

मला वाटलं, हा चार लोकांसमोर माझ्या तोंडून वदवून घेतोय. भाव बोलायला लावतोय. मी म्हटलं, "काही नको."

त्याने परत विचारलं. मी तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "मुअल्लिम, बोल."

"तुमच्याकडून मला काहीही नको."

मी उठलो. अंगणात आलो. चकमध्ये अर्धं तासलेलं बोंड तसंच होतं, एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने खरबरीत. खिळ्यावरून चावी काढली, खिशात घातली. लेथ तुमची तर लेथ तुमची. पण जबडा उघडून दाखवा.

*

सालेह, अबू सालेहचा मोठा मुलगा, बागेच्या फाटकाशी उभा होता. तेव्हा लग्नाळू होता, आता दाढी पांढरी झालीय आणि पोट पुढे आलंय. त्याने मला मिठी मारली, गालाला गाल लावले, वडील आहेत म्हणाला, कान आणि डोळे दोन्ही गेले, पण आहेत. मी थोडक्यात उत्तरं दिली. मला अंगण बघायचं होतं.

मातीची एक भिंत बसली होती. लिंबाचं झाड जगलं होतं, वाकडं झालं होतं. शेडमध्ये कसलासा ढीग, वर जाजम. सालेहने जाजम ओढलं, आणि त्याखाली गोधडी. हलीमाच्या आईची. उसवलेली, आतल्या चिंध्या बाहेर आलेल्या, पण तोच काळा नकाशा.

मी गोधडी बाजूला केली. इतकी वर्षं मनात मी तिला गंजलेली पाहिली होती. गावी पावसाची झड लागली की मला तिच्या बेडवर उठलेला तांबूस पापुद्रा दिसायचा, आणि रागाने अंग तापायचं. तो राग पोसूनच मी इथवर आलो होतो. बेडवर ग्रीस होतं, ताजं, पिवळं. मी अंगठा फिरवला. खाली लोखंड गुळगुळीत.

"खजुराची तोडणी झाली की अब्बू मला ग्रीस लावायला लावतात," सालेह म्हणाला. "दर वर्षी. मी वैतागतो."

चकमध्ये बोंड तसंच होतं. पितळ हिरवं पडलेलं.

"दुसरी चावी नाही मिळाली?" मी विचारलं. माझा आवाज नको इतका चढला.

"बाजारात हवी तशी मिळते. अब्बू म्हणाले, हात लावायचा नाही. ज्याचं आहे तो येईल."

"ज्याचं आहे!" मी म्हटलं. "मग तेव्हाच का नाही दिली?"

सालेहने हातातलं जाजम खाली ठेवलं. मग म्हणाला, "चाचा, तुम्ही फिंजान खाली ठेवलात ना?"

त्याने मला तेव्हा सांगितलं. त्यांच्याकडे पाहुण्याने कॉफी न पिता फिंजान समोर ठेवला, तर त्याचा अर्थ त्याला काहीतरी मागायचं आहे. यजमानाने विचारायचं असतं, आणि पाहुणा जे मागेल त्याला अब्शिर म्हणायचं असतं. अब्शिर म्हणजे झालंच समज. मगच पाहुणा कॉफी पितो. चार लोकांसमोर ठेवलेल्या फिंजानला नाही म्हणणारा माणूस तोंड दाखवू शकत नाही. "अब्बूंनी तीनदा विचारलं. तुम्ही गाडी मागितली असती तरी दिली असती. तुम्ही काही मागितलंच नाही. आम्हा सगळ्यांसमोर फिंजान ठेवलात आणि काही नको म्हणून निघून गेलात. अब्बू अजून सांगतात ती गोष्ट. म्हणतात, आयुष्यात एवढा अपमान कुणी केला नाही."

अपमान. त्याचा! मी शेडच्या खांबाला धरून उभा राहिलो. मला ओरडायचं होतं आणि कुणावर ते सापडेना. इतकी वर्षं त्या देशात राहिलो. कामगाराला फिंजान हलवायची रीत कळते, ठेवायची कोण शिकवणार? आम्ही मागायचो ते कचेरीच्या खिडकीपाशी उभं राहून. आणि त्याला तरी एवढं कळू नये, की समोर बसलेला माणूस कोकणातला आहे, रुसलाय? न मागता दिली असती तर काय झालं असतं? हे मी सालेहला बोललो. तो शांतपणे म्हणाला, "न मागणाऱ्याला देणं म्हणजे त्याला भिकारी समजणं, चाचा."

इरफान झाडाखाली उभा राहून घड्याळ बघत होता. माझ्या वरच्या खिशात दम्मामच्या माल पाठवणाऱ्या एजंटाने दिलेला दराचा कागद होता. त्याच्याशीही माझं दोनदा भांडून झालं होतं.

*

मजलिस तीच, गालिचा नवा. अबू सालेह लोडाला टेकून बसला होता, सुकलेल्या खारकेसारखा. सालेहने त्याच्या कानाशी तोंड नेऊन माझं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि माझी बोटं चाचपली, एकेक, जशी लेथची झिजलेली पट्टी मी वाचायचो तशी.

"मुअल्लिम," तो म्हणाला. "तेल नाही लागलेलं."

सालेहने कॉफी आणली. भांडं तेच, झाकणावर बोंड नव्हतं. त्याने झाकण फडक्याने उचललं. माझ्या हातात फिंजान आला. वेलचीचा वास नाकात गेला, आणि कुठूनतरी रॉकेलचा, लसणीचा.

मी फिंजान गालिच्यावर ठेवला. नीट, त्याच्या गुडघ्याला टेकेल असा.

म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, ऐकूही नीट येत नव्हतं. पण त्याचा चेहरा थांबला. तो हळूच पुढे झुकला. "सांग," तो म्हणाला. "काय हवंय?"

ज्याने पहिल्यांदा सांगितलं तो हरला. मी आयुष्यभर या एका वाक्यावर भाकरी खाल्ली. खफजीला खाल्ली, हुफूफला खाल्ली, मुलीला डॉक्टर केलं. माझ्या जिभेला ते वळणच नव्हतं. 'परत द्या' म्हणावं असं मनात आलं. परत म्हटलं की ती आधीपासून माझी ठरते. पण ती घासाघीसच झाली असती. खोलीत पंखा फिरत होता.

"लेथ द्या," मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं.

"अब्शिर," म्हातारा म्हणाला. मी बोलणं संपवायच्या आत. "तुझी. बागेतून काय लागेल ते ने, भिंत पाडायची तर पाड. पी आता."

मी प्यायलो. इतक्या वर्षांचा राग ज्या दाराला टेकून उभा होता ते दार एकदम आतल्या बाजूला उघडलं, आणि मला कळेना हात कशाला टेकावा. मोल नाही, तोल नाही. गाडीपर्यंत जाऊन परत येणं नाही. मी फिंजान हलवून परत दिला आणि वरच्या खिशातल्या कागदाकडे हात नेला.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यापाशी काहीतरी टेकलं. म्हाताऱ्याने आपला फिंजान गालिच्यावर ठेवला होता. भरलेला.

सालेह थबकला. यजमानाने पाहुण्यासमोर फिंजान ठेवलेला त्यानेही कधी पाहिला नसावा. आता विचारायची पाळी माझी होती. मी परत त्याच्या कानाशी वाकलो.

"सांगा, अबू सालेह. काय हवंय?"

"चावी," तो म्हणाला.

माझा हात खिशावर गेला. त्याच्या दाढीत काहीतरी हललं. हा खफजीच्या भंगारवाल्यापेक्षा पक्का निघाला. पण चार भिंतींत ठेवलेल्या फिंजानला नाही म्हणता येत नाही, हे त्याच्याच मुलाने मला तासाभरापूर्वी शिकवलं होतं.

"अब्शिर," मी म्हटलं आणि खिशातून चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने अंगठ्याने तिचं चौकोनी टोक चाचपलं. तिला माझं तेल लागलं होतं. ते त्याने बोटांवर चोळून हुंगलं. मग चावी सदऱ्याच्या खिशात सरकवली आणि फिंजान उचलून एका घोटात संपवला.

"लेथ तुझी," तो म्हणाला. "ती चालवायची झाली की माझ्याकडे ये. चावी देईन. माझं बोंड राहिलंय."

*

परतीच्या वाटेवर इरफानने विचारलं, एजंटाला काय सांगायचं, अब्बा? मी म्हटलं, सांगू. थोड्या वेळाने त्याने परत विचारलं, म्हणजे मिळाली का नाही? मी म्हटलं, मिळाली. खजुरं मागे गेली, वाळू लागली. माझा हात दर थोड्या वेळाने खिशात जात होता आणि रिकामा परत येत होता. खिसा इतका हलका कधी लागला नव्हता.

फ्लॅटमध्ये हलीमा जेवायची थांबली होती. तिने माझे हात बघितले, मागे इरफानचे हात बघितले.

"लोखंड राहू दे. गोधडी?"

"लेथवर आहे. फाटलीय."

"मग आणलंत काय एवढं जाऊन?"

माझा हात परत खिशाकडे गेला. मी तो बाहेर काढला, जेवायला बसलो.

"शुक्रवारी परत जायचंय," मी म्हटलं. "तू पण चल. सुई-दोरा घे."